फीत कापायच्या आधी

फाटक पडलं तेव्हा आमच्या जीपच्या पुढे फक्त एक बैलगाडी होती. जीपमध्ये कोण आहे ते गेटमनला दिसलं असावं, कारण त्याने आमच्याकडे पाहून मान हलवली. पण सिग्नल पडला होता, त्याचाही इलाज नव्हता. तो चाक फिरवत राहिला आणि लाल-पांढरा दांडा हळूहळू खाली आला.

माझे यजमान ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे वळून म्हणाले, "मालगाडी आहे. आत्ता जाईल."

मी मागच्या बाकावर सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. कळ आली की त्यांचा हात दाबायचा, गेली की सोडायचा, एवढंच माझं चाललं होतं. सकाळी भाकऱ्या थापताना कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता, त्यामुळे घरात काहीच तयारी नव्हती. हे कागदाच्या गिरणीत बॉयलरवर फिटर होते. धावत जाऊन मॅनेजरकडून गिरणीची जीप मागून आणली आणि आम्ही कल्याणला निघालो. नांदरोलीत तेव्हा चालू असं एकही इस्पितळ नव्हतं. बाळंतपण म्हटलं की बायका माहेरी जायच्या, नाहीतर कल्याणला.

मालगाडी आली. इंजिन पुढे निघून गेलं, मागून डबे सरकत राहिले, आणि मग सगळी गाडी आचका देऊन थांबली. फाटकाच्या बरोबर मध्ये. डावीकडे पाहावं तर डबे, उजवीकडे पाहावं तर डबे.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

मी उठून बसले. सासूबाई म्हणाल्या, पडून राहा. मी त्या डब्यांकडे पाहत होते. मग नजर बाजूला वळली. फाटकाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच, आमचं नवं प्रसूतिगृह उभं होतं. भिंतींना ताजा चुना, दारांना हिरवा रंग, वर कापडाने झाकलेली पाटी.

मी जीपच्या मागच्या बाजूने खाली उतरले.

"मंदा, अगं कुठे निघालीस?" हे ओरडले.

"मी कल्याणला जाणार नाही," मी म्हणाले आणि चालायला लागले.

सासूबाई पाठोपाठ आल्या. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. चिडल्या की त्यांची भाषा बदलायची. मला काय झालंय, माझं डोकं फिरलंय की काय, असं त्या रस्त्याभर बोलत होत्या. मी कुंपण धरत धरत प्रसूतिगृहाच्या आवारात गेले. दोन-तीन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर बसले आणि पाठ दाराला टेकली. दाराला भलंमोठं कुलूप होतं. कुलपावरून, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, लाल रेशमी फीत बांधलेली होती.

ते कुलूप का होतं, हे सांगायला हवं.

आमची नांदरोली दोन तुकड्यांची होती. रुळांच्या अलीकडे जुनं गाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारे आगरी लोक राहायचे. गावाच्या पलीकडच्या अंगाला, पण रुळांच्या याच बाजूला, ओढ्याजवळ कागद गिरणी आली आणि गिरणीमागे कॉलनी वसली. कॉलनीत आम्ही सगळे बाहेरून आलेलो, कोणी कोकणातले, कोणी घाटावरचे, काही थेट तेलंगणातले. गावची माणसं आम्हाला "कॉलनीवाले" म्हणायची आणि आम्ही त्यांना "गाववाले". भांडण नव्हतं. पण येणंजाणंही नव्हतं. त्यांचा बाजार वेगळ्या दिवशी, आमचा वेगळ्या दिवशी. नगरपालिका झाली तेव्हा दोन्हीकडचे लोक एका सभागृहात बसायला लागले, तेही दोन बाजूंच्या भिंतींना.

प्रसूतिगृह ही या दोघांनी मिळून केलेली पहिली गोष्ट. गिरणीने सिमेंट आणि लोखंड दिलं. गावाने जागा दिली, दगड-वाळू दिली, सुट्टीच्या दिवशी माणसं दिली. या सगळ्यांना एका जागी आणलं ते नगराध्यक्ष दामोदर केणे यांनी. सगळे त्यांना नाना म्हणायचे. गावचे, स्वभावाने तापट, मानपानाला जपणारे, पण एकदा मनावर घेतलं की सोडायचे नाहीत. सचिवालयात खेटे घालून त्यांनी मंजुरी आणली. डॉक्टरही आणली, हेमलता फणसे नावाची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. आता उरलं होतं ते उद्घाटन. त्यासाठी मंत्री यायचे होते आणि मंत्र्यांनी तारीख दोनदा पुढे ढकलली होती. नवी तारीख पुढच्या आठवड्यातली होती. तोवर खाटा, टेबल, औषधं, हत्यारं सगळं आत, आणि किल्ली नानांच्या कमरेला.

डॉक्टर कॉलनीत आमच्याच ओळीत भाड्याच्या खोलीत राहत होत्या. कामाविना कंटाळून गेल्या होत्या. मला तपासायच्या आणि म्हणायच्या, तुमचं बाळंतपण माझं इथलं पहिलं असेल बहुतेक. मीही तेच धरून चालले होते. उद्घाटन होईल, मग माझे दिवस भरतील. सगळं कसं जमून येणार होतं.

पण पोटातल्या जिवाला मंत्र्यांची तारीख कोण सांगणार?

हे किल्ली आणायला पालिकेकडे पळाले. जाताना ड्रायव्हरला सांगून गेले की डॉक्टरांना घेऊन ये; सकाळच्या घाईत त्यांना हाक मारायचं कोणालाच सुचलं नव्हतं. तेवढ्यात गावातल्या दोन-चार बायका जमा झाल्या. फाटकाला लागूनच गावची विहीर होती, पाणी भरायला आलेल्या बायकांनी मला चालत जाताना पाहिलं होतं. त्यांच्यात बायजाबाई होत्या. बायजाबाई म्हणजे गावच्या सुईण. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि माझ्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

आम्ही दोघी एकमेकींना ओळखत होतो. कुठून ओळखत होतो, ते पुढे सांगते.

"घाबरू नको गो," त्या म्हणाल्या. "मी हाय."

कोणीतरी आपलं जुनं लुगडं आणलं आणि दोघींनी ते दोन बाजूंनी धरून माझ्यापुढे पडदा केला. कॉलनीतूनही बायका यायला लागल्या. बातमी कशी पोचली कोण जाणे. पायऱ्यांच्या एका बाजूला गावच्या बायका आणि दुसऱ्या बाजूला कॉलनीच्या, अशा उभ्या राहिल्या.

डॉक्टर फणसे जीपमधून उतरून जवळजवळ पळतच आल्या. पडद्यामागे येऊन त्यांनी मला तपासलं. त्यांचा चेहरा मी पाहत होते. त्यात काही बदललं नाही, पण त्यांनी दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा मला कळलं.

"काय आहे ते सांगा," मी म्हणाले.

"डोकं वर आहे. पाय खाली."

"पायालू," बायजाबाई म्हणाल्या. त्यांना ते आधीच कळलं होतं.

तेवढ्यात नाना आले. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळावर घाम. बरोबर पालिकेचे दोन कारकून आणि मागे हे. नाना पडद्यापासून लांब, कुंपणाजवळ उभे राहिले. बायकांच्या कामात पुरुषाने पुढे येऊ नये हा त्यांचा रिवाज. तिथूनच त्यांनी मला समजवायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. ते म्हणाले की मंदाताई, तुम्हाला मी मुलीसारखी मानतो. माझी गाडी देतो, गिरणीची जीपही आहे, बरोबर डॉक्टर येतील. पण हे दार आज उघडता येणार नाही. डॉक्टरांची नेमणूक उद्घाटनाच्या दिवसापासून आहे. टाकीत पाणी नाही. आणि मंत्र्यांच्या आधी इथे काही झालं हे वर कळलं, तर त्यांचा अपमान होईल. वर आणखी एक मजला बांधायचाय, त्याच्या मंजुरीचे कागद त्यांच्याच टेबलावर पडलेत. मजला गेला तर पुन्हा किती वर्षं लागतील?

नाना खोटं बोलत नव्हते. हे मला तेव्हाही कळत होतं. तो माणूस वाईट नव्हता, त्याला सगळ्या गावासाठी वरचा मजला हवा होता.

"डॉक्टर, तुम्ही सांगा त्यांना," ते म्हणाले. "कल्याणपर्यंत वेळ आहे ना?"

डॉक्टर पडद्याबाहेर गेल्या. अंगाने बारीक, केसांची सैल वेणी, हातात नुसती एक पिशवी. पण त्या बोलल्या ते सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"वेळ आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. बाळाचे पाय खाली आहेत. आत टेबल आहे आणि माझी हत्यारं आहेत. इथे पायरी आहे. उघडलं नाही तर मी इथे पायरीवर करीन."

"तुमची नोकरी जाईल," नाना म्हणाले.

"जाऊ दे."

नानांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. तेवढ्यात रुळांकडून मोठा खडखडाट झाला. मालगाडी हलली. एकेक डबा पुढे सरकत गेला आणि शेवटचा डबा गेल्यावर पलीकडचा रस्ता दिसायला लागला. गेटमनने चाक फिरवलं. दांडा वर गेला. ड्रायव्हरने जीप चालू करून हॉर्न वाजवला.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. कारकून म्हणाले, झालं, उघडलं फाटक. हे पुढे आले आणि माझ्यापुढे हात केला. "चल मंदा. आता रस्ता मोकळा आहे. चल ना." सासूबाई म्हणाल्या, ऊठ. कॉलनीच्या बायका म्हणाल्या, उठा वहिनी, उगाच हट्ट नको. नाना तर स्वतःच जीपकडे वळले होते, पुढची बैलगाडी बाजूला घ्या म्हणून सांगायला.

मी म्हणाले, "नाना."

ते थांबले.

"मागच्या वेळीही फाटक उघडलं होतं, नाना. नंतर."

नानांना आठवायला क्षणभर लागला. मग त्यांनी मान खाली घातली. कॉलनीतल्या नव्या बायकांना माहीत नव्हतं, त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. म्हणून मग मीच सांगितलं. इतकी वर्षं मी ते कोणासमोर बोलले नव्हते. यांच्यासमोरही नाही.

माझं पहिलं बाळ आडवं होतं. आमच्या घरी बायजाबाईंना बोलावलं होतं, कॉलनीत पाऊल टाकायची त्यांची ती पहिलीच वेळ. त्यांनी हात लावल्याबरोबर सांगितलं, हे माझ्याच्याने होणार नाही, कल्याणला न्या. गिरणीचा ट्रक मिळाला. त्यात गादी टाकून मला झोपवलं, बायजाबाई बरोबर बसल्या. आम्ही याच फाटकापाशी आलो आणि फाटक बंद होतं. अशीच मालगाडी मध्ये उभी राहिली. हे डब्यांखालून वाकून पलीकडे गेले, गाडी मिळते का पाहायला. गार्डच्या हातापाया पडले. पण गाडी हलायला तयार नव्हती. माझा मुलगा त्या ट्रकमध्ये जन्मला. बायजाबाईंनी त्याला उलटा धरला, पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकर घातली. तो रडला नाही. त्याला त्यांनी पदरात गुंडाळलं आणि मग गाडी गेली आणि फाटक उघडलं.

"आता फाटक उघडलंय," मी म्हणाले. "पुढे अजून दोन फाटकं आहेत. ती उघडी असतील असं कोणी मला सांगा, मी जाते."

हे माझ्यापुढे हात करून उभे होते तसेच राहिले, मग त्यांनी हात मागे घेतला.

मला पुन्हा कळ आली. डोळे मिटले. उघडले तेव्हा माझ्या शेजारी पायरीवर कोणीतरी बसलेलं होतं. सासूबाई. सकाळपासून मला ऊठ, चल, पड असं दटावणाऱ्या सासूबाई. त्यांनी पदर खोचला होता आणि माझा हात आपल्या मांडीवर घेतला होता.

"मी खंय जावचंय नाय," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून असं नाही. नुसतं म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूला बायजाबाई बसल्या. मग खालच्या पायरीवर एक गावची बाई बसली आणि तिच्या शेजारी आमच्या ओळीतली नरसम्मा. बघता बघता पायऱ्या भरल्या. लुगड्याचा पडदा धरलेल्या दोघीच काय त्या उभ्या होत्या.

नाना कुंपणापासून निघाले. बायकांनी वाट दिली. रिवाज विसरून ते पायऱ्या चढले, माझ्याकडे न बघता दाराशी गेले, कमरेची किल्ली काढली. फीत एका हाताने वर उचलून दुसऱ्या हाताने त्यांनी कुलूप काढलं. दार ढकललं. आतून नव्या चुन्याचा आणि फिनेलचा वास आला.

"जरा वाकून..." असं ते म्हणाले, फीत वर धरून. मग त्यांनी मला पाहिलं. सासूबाई आणि बायजाबाईंनी मला दोन बाजूंनी धरून उभं केलं होतं, आणि मी वाकूच काय, सरळही उभी राहू शकत नव्हते.

नानांनी फितीला हिसका दिला. फीत तुटली नाही, पक्की रेशमी होती. त्यांनी दोन्ही हातांनी धरून पुन्हा ओढली आणि चौकटीजवळचा खिळा भिंतीच्या पोपड्यासकट बाहेर आला. फीत गोळा करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात कोंबली.

"या," ते म्हणाले.

आत पाणी नव्हतं. डॉक्टरांनी दारातूनच ओरडून सांगितलं की पाणी पाहिजे, भरपूर, आणि उकळलेलंही पाहिजे. गावची विहीर हाकेच्या अंतरावर होती. कॉलनीच्या बायका त्या विहिरीवर कधी गेल्या नव्हत्या. कोणी मनाई केली नव्हती, पण गेल्या नव्हत्या. त्या दिवशी विहिरीपासून प्रसूतिगृहापर्यंत बायकांची रांग लागली. गावच्या बायका शेंदत होत्या, हंडे हातोहात पुढे येत होते, आणि कॉलनीच्या बायकांनी आपापल्या घरून आणलेले स्टोव्ह व्हरांड्यात पेटवले होते. हे मी पाहिलं नाही, मला नंतर सगळ्यांनी सांगितलं, प्रत्येकीने आपापलं. मला फक्त बाहेर हंड्यांचा आवाज येत होता, सारखा, थांबत नव्हता.

बायजाबाई दारातच थबकल्या होत्या. टेबल, दिवे, चकचकीत हत्यारं, हे त्यांचं ठिकाण नव्हतं. डॉक्टर हात धुताना वळून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बाहेर का? त्यांचं डोकं धरा. त्या तुमचंच ऐकतील."

मग किती वेळ गेला मला माहीत नाही. डॉक्टर खालून सांगायच्या आणि बायजाबाई तेच माझ्या कानाशी सांगायच्या, आपल्या बोलीत. आता जोर नको. आता नुसता श्वास. आता दे. डॉक्टरांचा आवाज एकदाही वर गेला नाही. एकदाच त्या म्हणाल्या, "पाय आले. आता मी सांगेपर्यंत काही करू नका," आणि त्यानंतरचा तो थोडा वेळ फार मोठा होता. मला फाटकातले ते डबे दिसत होते. बायजाबाईंनी माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"तिकडं नको बघू. माझ्याकडं बघ," त्या म्हणाल्या. मी कुठे पाहत होते ते त्यांना बरोबर कळलं होतं.

मग डॉक्टर म्हणाल्या, "आता. सगळा जोर."

बाळ आलं. आणि गप्प होतं.

मी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. बायजाबाईंकडे पाहत होते. त्यांनी माझा खांदा धरला होता आणि त्यांची बोटं माझ्या हाडात रुतत होती. बाहेर हंड्यांचा आवाज थांबला होता. पाठीवर थापटी मारल्याचा आवाज आला. एकदा. मग काहीतरी चोखून काढल्यासारखा आवाज. पुन्हा थापटी.

आणि मग ती रडली. असा टाहो फोडला की डॉक्टर हसायलाच लागल्या. हसता हसता त्यांनी दंडाने डोळे पुसले, कारण हात भरलेले होते.

"मुलगी," त्या म्हणाल्या.

बायजाबाई माझ्यावर वाकल्या. माझ्या कपाळावर कपाळ टेकवून तशाच राहिल्या. ट्रकमध्येही त्यांनी असंच कपाळ टेकवलं होतं. हे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

बाहेर जो काही गलका उठला, तो मला आयुष्यभर पुरला. बाजूच्या शाळेच्या मैदानात मुलं मंत्र्यांच्या स्वागतासाठी लेझीम बसवत होती. ती पोरं ढोल-लेझीम घेऊन कुंपणाच्या आत शिरली. गेटमन झेंडी हातात घेऊनच आला होता. सासूबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि सगळ्यांना दाखवायला लागल्या. यांनी तिला घ्यायला हात पुढे केले, तरी सासूबाईंना तिला सोडवेना. गावची एक म्हातारी पुढे झाली, बाळाची दृष्ट काढली आणि म्हणाली की आमच्या गावची लेक आली. सासूबाई पटकन म्हणाल्या, आमची पण. दोघी हसल्या. पंधरा वर्षं नांदरोलीत राहून, कोणी विचारलं तर हे सांगायचे, आम्ही वेंगुर्ल्याचे. त्या दिवशी गिरणीत पेढे वाटताना ते म्हणाले, "माझी मुलगी नांदरोलीची आहे."

नाना व्हरांड्याच्या टोकाला बाकावर एकटेच बसले होते. लोक येऊन त्यांना हात जोडत होते आणि ते नुसती मान हलवत होते. वरचा मजला गेला, हे त्यांनी मनात धरलं असावं.

दिवेलागणीला मी आतल्या खाटेवर पडले होते, बाळ कुशीत. बाहेर हातगाडीचा आवाज आला. ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवरची एक बाई होती. तिचा नवरा तिला हातगाडीवर घालून घेऊन आला होता. भट्टीवर कोणीतरी सांगितलं होतं की फाटकापाशी दवाखाना उघडलाय. तो माणूस पायरीखालीच उभा राहून विचारत होता की इथे कोणालाही घेतात का.

डॉक्टर व्हरांड्यात आल्या. त्यांनी नानांकडे पाहिलं. त्या विचारत होत्या की काय करू.

"माझ्याकडे काय बघता?" नाना म्हणाले. "दार उघडंच आहे."

त्या रात्री माझ्या शेजारच्या खाटेवर मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी गावातली एक आली. मग कॉलनीतली एक, माहेरी जायला निघालेली, तिने जाणं रद्द केलं.

मंत्र्यांच्या कचेरीत बातमी पोचायची ती पोचलीच. नाना स्वतःच जाऊन सांगून आले. तारीख रद्द झाली. पुढे महिनाभर काहीच कळेना आणि नाना गप्प गप्प राहायला लागले. मग एक दिवस निरोप आला की मंत्री येतायत.

आले त्या दिवशी मीही गेले होते, मुलीला खांद्यावर घेऊन. मैदानात मांडव घातला होता. गाववाले आणि कॉलनीवाले कुठेही कसेही बसले होते, जागा मिळेल तिथे. कर्णे लावले होते. नानांनी स्वागताचं बोलायला सुरुवात केली, कर्ण्यातून त्यांचा आवाज घुमला, आणि प्रसूतिगृहाचं दार उघडून डॉक्टर फणसे बाहेर आल्या. पदर खोचलेला, कपाळावर आठ्या.

"नाना, तो भोंगा बंद करा. आत पोरं झोपलीत. आत्ता कुठे झोपलीत."

नाना मंत्र्यांकडे पाहायला लागले. मंत्री थोराड अंगाचे, खादीतले, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी विचारलं की आत किती आहेत. डॉक्टर म्हणाल्या, खाटा भरल्यात, दोघी जमिनीवर आहेत. मंत्री उठले. पायऱ्यांपाशी चपला काढल्या आणि डॉक्टरांच्या मागे आत गेले. दारात फीत नव्हती. चौकटीजवळचा पोपडा निघालेला दिसत होता. तो नानांनी मुद्दाम बुजवून घेतला नव्हता, का ते कोणाला विचारता आलं नाही.

मंत्री बाहेर आले तेव्हा कर्णे बंद होते. ते मांडवात लोकांच्या समोर येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात बोलले. पुढच्या रांगेतल्यांना तेवढं ऐकू गेलं. त्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी आणखी मागे. कुजबुज माझ्यापर्यंत यायला वेळ लागला. माझ्या पुढच्या बाईने मागे वळून माझ्या कानात सांगितलं, वरचा मजला दिला, आणि मी तेच मागच्या बाईला सांगितलं.

कुजबुज पार शेवटच्या माणसापर्यंत पोचली आणि मग लोकांना राहवलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मांडवाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत सगळे उभे राहिले होते. डॉक्टर हातवारे करून गप्प करायला गेल्या, पण उशीर झाला होता. आतली सगळी पोरं एकदम जागी झाली आणि एकदम रडायला लागली. एकाचा आवाज वर, एकाचा खाली, एकाचा मध्येच फुटलेला. टाळ्या थांबल्या. सगळी नांदरोली उभी राहून ते रडणं ऐकत होती. नाना डोळे पुसत होते आणि लपवत नव्हते.

माझ्या खांद्यावरची मुलगी चुळबुळली. तिने डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं, आणि त्या सगळ्यांच्यात आपला आवाज मिसळला. सगळ्यांत मोठा.